उगवणीच्या पानावर कोणाकोणाचा हात

राधाकिसनला स्वप्नं पडत ती उघड्या डोळ्यांनी, आणि तीही बहुतेक दुपारची. एक्क्याऐंशी साली हसनाबादच्या शाळेत गुरुजींनी त्याला फळ्यापाशी उभं केलं होतं. तेव्हा तो फळ्यावरचं गणित सोडून फळ्याच्या काळेपणातच शिरला होता. ‘काय दिसतंय रे तिथं?’ असं गुरुजींनी विचारल्यावर त्यानं ‘माळ’ असं खरं खरं सांगितलं आणि दोन छड्या खाल्ल्या. पुढं चौदा वर्षांनी जालन्यात त्याच्यासमोर कॉम्प्युटरचा काळा पडदा आला, तेव्हाही त्याला माळच दिसला. फरक एवढाच, की आता त्याला त्याचा पगार मिळायला लागला. माणसाच्या कोणत्या खोडीला कधी भाव येईल, सांगता येत नाही.

माळ त्याच्या डोळ्यांत बसला होता तो बापामुळं. बाप धुळाजी मेंढ्या राखायचा. दिवस कलला की दीडशे मेंढ्यांची खांड धूळ उडवत यायची आणि त्या धुळीतून आधी आवाज, मग कान, मग मेंढ्या दिसायच्या. सुतळीच्या जाळीचं कुंपण असे, त्याला तोंड एकच. त्या तोंडातून सगळी खांड आधी आत घालायची, एकही बाहेर ठेवायची नाही, कारण माळावर लांडगा असायचा. सगळी आत गेली की धुळाजी त्यांच्यातून हळूहळू फिरायचा. लंगडी बाजूला, आजारी बाजूला, दुसऱ्याच्या खांडीतून चुकून आलेली असेल तर कानावरची खूण चाचपून तीही बाजूला. “आधी आत, मंग निवड,” असं तो म्हणायचा. घरात मीठ, देवाला निवद आणि हे वाक्य, यांत कधी खंड पडला नाही.

राधाकिसन बारावी झाला, मग औरंगाबादला कॉम्प्युटरचा कोर्स करून आला आणि पंचाण्णव साली जालन्याच्या एका बियाण्याच्या कंपनीत लागला. जालन्यात बियाण्याच्या कंपन्यांना तोटा नव्हता. ही त्यातलीच एक, ना मोठी ना लहान. मागच्या खोलीत कूलरच्या गारव्यात मोठा कॉम्प्युटर ठेवलेला, आणि त्याच्या तारा ऑफिसभर सहा पडद्यांपर्यंत गेलेल्या. त्या पडद्यांवर ना चित्र ना रंग. काळ्यावर हिरवी अक्षरं तेवढी. हुकूम टाईप करायचा, एंटर दाबायचं आणि गप बसायचं. बाकीच्यांना त्या काळ्या चौकोनाची धास्ती वाटायची. राधाकिसनला मात्र तिथं संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं, आणि हिरवी अक्षरं दूरवर बसलेल्या मेंढ्यांसारखी.

पुढच्या वर्षी पुण्याहून एक इंजिनिअर तीन दिवसांसाठी आला. कुणी कोणतं पान वाचावं, कुणी त्यात लिहावं, याचे नियम एका फाईलमध्ये ओळीओळीनं लिहायची सोय त्यानं करून दिली. राधाकिसनच्या हातात त्यानं पायलीभर वजनाचं एक पुस्तक ठेवलं आणि “वरून खाली वाचतं ते, लक्षात ठेवा,” एवढं सांगून गाडी गाठली. असली माणसं गाडी गाठण्यात फार हुशार असतात. पुस्तक असं लिहिलं होतं, की लिहिणाऱ्याला सगळं आधीच माहीत होतं आणि वाचणाऱ्यानं माहीत करून घ्यायचं धाडस करू नये. राधाकिसननं ते आठ दिवस उशाला घेतलं, आणि नवव्या दिवशी नियम लिहिले.

त्यातला सगळ्यांत महत्त्वाचा नियम उगवणीच्या पानाचा. बियाण्याचा प्रत्येक ढीग, म्हणजे लॉट, विकायला जायच्या आधी तपासला जायचा. शंभरातले किती दाणे उगवले तो आकडा त्या पानावर चढायचा, आणि आकडा पंच्याहत्तरच्या खाली असला तर पोतं गोदामाबाहेर पडायचं नाही. म्हणून त्या पानावर एकाच माणसाचा हात असायला पाहिजे होता. राधाकिसननं नियम लिहिला तो असा. पहिली ओळ: ऑफिसातल्या सगळ्यांनी या पानावर वाचावं, लिहावं. तिच्याखाली अकरा ओळी, अकरा नावांच्या. डिस्पॅचच्या साहेबरावानं लिहू नये, मॅनेजर काकासाहेबांनी लिहू नये, अशा. राधाकिसनला सोडून ऑफिसात माणसं बारा. अकरा वगळली की उरल्या एकट्या पुष्पाबाई.

आधी आत, मग निवड. दुसरी काही रीत असू शकते हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

पुष्पाबाई पिंपळगाव रेणुकाईच्या. शिक्षण सातवी, वय चाळिशीपुढचं, आणि कंपनीत बारा वर्षं. ओल्या कागदावर शंभर-शंभर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करायची, उबदार कपाटात उभी ठेवायची आणि सातव्या दिवशी उलगडायची, हे त्यांचं काम. एम.एस्सी. झालेली पोरं भिंग लावून बघायची, आणि या साध्या डोळ्यांनी सांगायच्या: हा जगंल, हा नुस्ता फुगला, ह्याला मूळच न्हाई. राधाकिसन दुपारच्याला चहा प्यायला त्यांच्या खोलीत जायचा. तिथं माती नसूनही कायम ओल्या मातीचा वास यायचा, आणि खिडकीतून उन्हाची एक पट्टी त्या कोवळ्या कोंबांवर सरकत जायची. बाई मोजताना ओठ हलवायच्या. त्याला वाटायचं, त्या दाण्यांना नावानं हाक मारून राह्यल्यात. कप हातात तसाच गार व्हायचा.

“चहा पे रे बाबा, साय धरली त्याच्यावर,” त्या म्हणायच्या. “कुठं गेल्ता?”

“इथंच हाय की, बाई.”

“इथं तुझं खोकं हाय निस्तं. तू न्हाईस.”

नियम लिहून झाले त्या दिवशी तो त्यांना मोठ्या अभिमानानं सांगायला गेला होता. “बाई, आता तुमच्या पानावर तुमच्याशिवाय कुणी बी लिहू शकत न्हाई. काकासाहेब बी न्हाई. बिलकुल बंद.” बाईंना त्यातलं काही कळलं नाही, पण कुणी आपल्या कामाला कुंपण घालून दिलं याचं त्यांना इतकं बरं वाटलं, की दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्यासाठी डब्यात दोन धपाटे जास्तीचे आणले. राधाकिसननं सगळ्या ऑफिसलाही सांगितलं. अकरा जणांनी माना हलवल्या आणि त्या पानाकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर पुढचं काही झालंच नसतं. पण बंदी आहे म्हटल्यावर दार ढकलून कोण बघतो? दोन वर्षं सुखात गेली.

अठ्ठ्याण्णवच्या जुलैत वडीगोद्रीकडचे लोक जीप करून आले. पुढं रखमाजी नावाचा म्हातारा होता. त्यानं काही आरडाओरडा केला नाही. धोतराच्या सोग्यात बांधून आणलेली मूठभर माती त्यानं काकासाहेबांच्या टेबलावरच्या काचेवर सोडली, आणि बोटानं पसरून तिच्यातले बाजरीचे दाणे दाखवले. पेरून बारा दिवस झालेले दाणे, जसेच्या तसे. “पावसानं त्याचं काम बराबर केलं, साहेब,” तो म्हणाला. “तुमच्यानंच झालं न्हाई.”

लॉट होता एकशे सतरा. काकासाहेबांनी उगवणीचं पान काढून पाहिलं. तिथं लिहिलं होतं पंच्याऐंशी. पुष्पाबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, मी अठ्ठावन्न चढवलं होतं, मला तो लॉट बराबर याद आहे, निम्मे कोंब बुरशीनं गेले होते. त्यांची वही मागवली. पण ती ओल्या गुंडाळ्यांशेजारीच असायची, आणि नेमक्या त्या पानावर पाणी ठिबकून शाई पसरली होती. तिथं अठ्ठावन्न होतं की पंच्याऐंशी, ते देवालाही वाचता आलं नसतं.

काकासाहेब माणूस वाईट नव्हते. घाबरलेले होते, आणि घाबरलेला माणूस जवळचा खांब धरतो. त्यांनी राधाकिसनकडं पाहिलं. “या पानावर बाईंशिवाय कुणालाच लिहिता येत नाही. तूच सांगितलं होतंस ना?”

राधाकिसनच्या तोंडातून निघून गेलं, “हो साहेब.”

दोनच शब्द. पण ते बोलल्याबरोबर खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा बाईंकडं वळल्या, आणि बाईंची नजर राधाकिसनकडं. तिच्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं त्याला पुढं कितीदा तरी वाटलं.

सोमवारी मालक येणार आणि निकाल देणार, असं ठरलं. तोवर बाईंनी उगवणीच्या खोलीत जायचं नाही. त्यांच्या कमरेची चावी काढून घेतली. नोकरी जाईल हे तर दिसतच होतं, पण त्याहून मोठी गोष्ट दुसरीच होती. पिंपळगावच्या बाई फितल्या, खोटा आकडा लिहून शेतकऱ्याचं रान पाडलं, असं चार गावांत झालं असतं, आणि ते नाव त्यांच्या मागं मसणापर्यंत गेलं असतं.

शुक्रवारी दुपारी त्या कूलरच्या खोलीत आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पदर खांद्यावरून घट्ट लपेटून दारातच उभ्या राहिल्या.

“राधाकिसन, तुझं मशीन काय म्हणतंय ते मला वाचून दाखव.”

त्यानं नियमांची फाईल पडद्यावर आणली. नुसती आकड्यांची आणि आडव्याउभ्या रेघांची गर्दी. तो एकेक ओळ समजावू लागला. हे नाव, हे पान, हा परवानगीचा आकडा, ही खूण म्हणजे नको. बाईंनी पाच ओळी ऐकल्या आणि हात वर केला.

“हे नियम मला नको सांगू. नियम तू लिव्हले, तुला गोड लागतेत. मला एवढंच सांग, माझ्या पानावर कोनकोन लिहू शकतं? नाव घेऊन सांग.”

राधाकिसननं फाईल वरखाली करून पाहिली. पायलीभराच्या त्या पुस्तकात हा प्रश्न कुठंच नव्हता. त्यात नियम कसा लिहावा हे चारशे पानं भरून होतं, पण लिहून झालेल्या नियमांचा अर्थ काय झाला, हे विचारायची जागाच नव्हती. जो नियम ज्याच्यासाठी केला त्यालाच कळत नाही, तो नियम नव्हे, नुसता धाक. पण हे शहाणपण आपण आज सांगतो. त्या दुपारी तो एवढंच म्हणाला, “तुम्हीच एकट्या, बाई.”

“असं तुला वाटतंय का असं हाय?”

“असं… हाय.”

“बघून सांग,” बाई म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

शनिवारी ऑफिसला अर्धी सुट्टी. सगळे गेल्यावर राधाकिसन एकटाच बसला. कूलर घरघरत होता, वाळ्याच्या ताट्यांतून गार, ओला वास येत होता, आणि भिंतीवर पाण्याचा कवडसा हलत होता. तो एक नवा हुकूम लिहू लागला. नाव ठेवलं ‘कोण’. काम सोपं: एकेका माणसाचं नाव घ्यायचं, त्याला घेऊन नियमांच्या वरच्या ओळीपासून मशीनसारखंच चालत निघायचं, मशीन जिथं थांबेल तिथं थांबायचं, आणि मग साध्या बोलीत सांगायचं की हा लिहू शकतो की नाही, आणि कोणत्या ओळीमुळं. मशीनला मराठी अक्षरं येत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी.

लिहिता लिहिता त्याचा डोळा लागला की नाही, हे त्याला पुढं कधी नक्की सांगता आलं नाही. त्याला संध्याकाळ दिसली. जाळीच्या तोंडाशी बाप उभा होता, पण फेटा बापाचा आणि अंगात खाकी शर्ट. मेंढ्या एकेक करून येत होत्या आणि प्रत्येकीच्या गळ्यात ऑफिसातल्या माणसाच्या नावाची पाटी. बाप पाटी वाचायचा, मान हलवायचा, मेंढी आत जायची. साहेबराव, जा. काकासाहेब, जा. बारा गेल्या. राधाकिसन वाट पाहत होता की आता बाप आत जाईल, निवडायला लागेल. पण बाप जागचा हलला नाही. त्यानं जाळीला पाठ दिली आणि उभ्या उभ्या विडी पेटवली.

राधाकिसन दचकून सावरला. हुकूम तयार होता. त्यानं ‘कोण’ लिहिलं आणि एंटर दाबलं. पडद्यावर ओळी आल्या.

पुष्पाबाई लिहू शकतात, ओळ एक. साहेबराव लिहू शकतो, ओळ एक. काकासाहेब लिहू शकतात, ओळ एक. अशी बारा नावं, आणि बाराव्या नावापुढंही ओळ एकच.

आपला हुकूमच चुकला असं त्याला वाटलं. वाटावं असंच त्याला पाहिजे होतं. म्हणून त्यानं साहेबरावाच्या नावानं मशीनमध्ये शिरून उगवणीच्या पानाच्या तळाशी एक टिंब टाईप केलं. मशीननं ते मुकाट्यानं ठेवून घेतलं. दोन वर्षं ते दार उघडंच होतं. वरून खाली वाचतं, हे इंजिनिअर बोलला होता. लागू पडणारी पहिली ओळ सापडली की तिथंच थांबतं, हे बोलला नव्हता. खालच्या अकरा ओळी मशीननं जन्मात कधी वाचल्या नव्हत्या.

त्यानं ते टिंब पुसलं. मनात एक फार सोपी गोष्ट येऊन बसली: नियमाच्या ओळी आत्ताच खालीवर करून टाकाव्यात. कुणाला कळणार? मशीन बराबर, राधाकिसन बराबर, आणि बाई… त्यानं मशीन बंद केलं आणि हसनाबादची एस.टी. धरली.

रविवारी संध्याकाळी तो माळावर बापाशेजारी उभा होता. पावसानं माळ हिरवा पडला होता आणि ढगांच्या फटीतून पिवळं ऊन येऊन मेंढ्यांच्या पाठीवर बसलं होतं. सगळी खांड आत गेली. धुळाजी आत शिरून चाचपत फिरू लागला, आणि राधाकिसननं त्याच्या मागंमागं फिरत सगळं सांगून टाकलं. धुळाजीनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण ऐकायची कला त्याच्याकडं होती. मधे एक लंगडी मेंढी उचलून बाहेर ठेवली तेवढीच.

“म्हंजे तुझं मशीन आत येतच न्हाई,” तो शेवटी म्हणाला.

“न्हाई, बा. तोंडाशीच थांबतं.”

“मंग तो मेंढका न्हाई रे, गेटावरचा वाचमन हाय. पह्यलं नाव बघतो, सोडतो अन् इडी वढतो. त्याला आधी वाईट सांगाया लागतंय. ह्याला नको, त्याला नको. अन् सगळ्यांत शेवटी, बाकीच्यांनला येऊ दे.” धुळाजी हसला. “माझी रीत तू वाचमनला शिकवून राह्यला व्हय!”

राधाकिसनला हसू आलं नाही. “मी उद्या वळी बदलल्या तर कुणाला काय बी कळत न्हाई, बा. सांगितलं तर माझी नोकरी जाती.”

धुळाजी एका मेंढीपाशी थांबला. तिचा कान त्यानं दोन बोटांत धरला. “ही आपली न्हाई. सकाळी रामरावाच्या खांडीतून आली असंल,” तो म्हणाला. मग जाळीच्या कडेला जाऊन त्यानं तोंडाशी हात धरला आणि खालच्या वस्तीकडं लांबलचक हाक दिली. “तुझी मेंढी माझ्याकडं हाय रं ऽऽ!” हाक ओढ्यापलीकडं गेली आणि तिकडून कुणीतरी ओ दिली.

“इचारायच्या आधी सांगितली तर ती चुकलेली मेंढी,” धुळाजी परत येत म्हणाला. “इचारल्यावर सांगितली, तर ती चोरलेली.”

मेंढ्या रवंथ करत बसल्या, आणि अंधार पडेपर्यंत राधाकिसन त्यांच्याकडं बघत राहिला. त्याला भीती वाटत होती, आणि तरीही फार दिवसांनी छाती मोकळी झाली होती.

सोमवारी मालक आले. पुष्पाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, नेसूचं लुगडं धुऊन कडक वाळवलेलं. काकासाहेब कागद काढून बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात राधाकिसन उभा राहिला.

“साहेब, कुणी काही विचारायच्या आधी मला सांगायचंय.”

त्यानं ‘कोण’चा छापील कागद टेबलावर ठेवला. बारा नावं, प्रत्येकापुढं ‘लिहू शकतो’. नियम कसे चुकले याचं भाषण त्यानं केलं नाही. तो काकासाहेबांना पडद्यापाशी घेऊन गेला आणि म्हणाला, “तुमच्या नावानं या पानावर काही लिहून बघा, साहेब.” काकासाहेबांनी एका बोटानं शून्य टाईप केला. शून्य पानावर चढला. त्यांनी बोट असं मागं घेतलं, की जणू चटका बसला.

“म्हणजे हे कुणीही…”

“कुणी बी. दोन वर्षांपासून. चूक माझी हाय. बाईंच्या पानाला मी कुंपण घातलंच नव्हतं. घातलं असं मात्र गावभर सांगितलं.”

मग डिस्पॅचचा साहेबराव खाकरला. एकशे सतरा आणि एकशे एकाहत्तर हे दोन लॉट एकाच दिवशी गाडीत भरायचे होते, तो म्हणाला. एकाहत्तरची यादी करताना तो चुकून उगवणीच्या पानात गेला होता आणि एकाहत्तरचा पंच्याऐंशी सतरासमोर पडला होता. “मला तर तिथं लिहायची बंदी हाय, म्हनून वाटलं चढलाच नसंल. मी तसाच भाईर आलो.”

बंदी आहे असं त्याला राधाकिसननंच सांगितलं होतं.

पुष्पाबाईंनी डोळ्याला पदर लावला, आणि मग चटकन काढला, कारण रडणं त्यांना परवडणारं नव्हतं. सात दिवसांच्या गुंडाळ्या कपाटात तशाच पडल्या होत्या. “चावी द्या साहेब,” त्या म्हणाल्या. “कोंब वाळून जातेल.” वडीगोद्रीच्या लोकांना त्याच आठवड्यात नवं बियाणं गेलं. सोबत काकासाहेब स्वतः गेले, आणि रखमाजीच्या ओसरीवर मान खाली घालून बसले.

राधाकिसनला काढलं नाही, पण मशीनजवळही ठेवलं नाही. त्याला गोदामात पोती मोजायला बसवलं. जायच्या आधी त्यानं ओळी उलट्या केल्या, आधी अकरा जणांना नको, शेवटी बाकीच्यांना हो, आणि बाईंना कूलरच्या खोलीत बोलावून ‘कोण’ कसं विचारायचं ते शिकवलं. बाईंनी एकेक अक्षर शोधून टाईप केलं. पडद्यावर एकच नाव आलं. पुष्पाबाई.

त्या बराच वेळ पडद्यावरच्या त्या नावाकडं बघत होत्या. मग एकदम वळल्या. “अन् तू?”

राधाकिसन घुटमळला. “मशीन सांभाळणाऱ्याकडं सगळ्या चाव्या असतेत, बाई. त्याला नियम लागत न्हाई.”

“मंग ते बी लिव्ह की त्याच्यात. लपवून कशाला ठेवतो?”

त्यानं हुकमात शेवटची एक ओळ वाढवली: आणि सगळ्या चाव्या अमक्याकडे. बाईंनी पुन्हा विचारलं. पुष्पाबाई. आणि सगळ्या चाव्या राधाकिसनकडे. “आता बराबर हाय,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी औरंगाबादचा नवा माणूस आला, आणि त्या शेवटच्या ओळीतलं नाव बदललं.

गोदामात खिडकी उंचावर होती. दुपारी तिच्यातून ऊन पोत्यांच्या थप्पीवर उतरायचं आणि त्यात बारीक भुसा तरंगत राहायचा. राधाकिसन पोती मोजता मोजता त्या भुशात हरवायचा, आणि मोजणी पहिल्यापासून करायचा. त्याला पडद्याची आठवण यायची, माळाची यायची तशीच. हुकूम मनातल्या मनात टाईप करायचा. एकदा पुष्पाबाई धपाटे घेऊन आल्या आणि पोत्यावर बसून म्हणाल्या, “रोज सकाळी आधी ‘कोण’ इचारते, मंगच पान उघडते. पण शेवटी तुझं नाव येत न्हाई. सुनं सुनं वाटून राह्यलंय बघ.” धपाटा त्यानं फार सावकाश खाल्ला.

असं दीड वर्ष गेलं. दोन हजार सालच्या संक्रांतीनंतरची गोष्ट. नवा माणूस हैदराबादला जास्तीच्या पगाराच्या नोकरीवर गेला होता, एवढं गोदामापर्यंत कळलं होतं. त्या सकाळी पुष्पाबाई थप्प्यांच्या बोळातून आल्या, हातात दुमडलेला छपाईचा कागद. श्वास लागला होता.

“मला हे धड वाचता येईना,” त्या म्हणाल्या. “तूच वाच.”

आता ही बाई रोज सकाळी त्याच ओळी वाचायची, दीड वर्ष. राधाकिसनला कळायला पाहिजे होतं. पण तो त्याच्या भुशात होता. त्यानं कागद उलगडला आणि मोठ्यानं वाचू लागला.

“पुष्पाबाई लिहू शकतात, ओळ बारा.”

“पुढं?”

“आणि सगळ्या चाव्या…” तो थांबला. इंग्रजी अक्षरांतलं ते मराठी त्याच्यासमोर हलू लागलं.

“काकासाहेबांनी मला इचारलं,” बाई म्हणाल्या. “पान तुमचं हाय, चाव्या कुनाकडं देऊ? मी म्हनलं, ज्यानं सोताची चूक सोताच्या हातानं छापून दिली, त्याच्याकडं.” त्यांनी त्याच्या खांद्यावरचा भुसा झटकला. “चल जल्दी. मशीन मघापासून चालू हाय.”